सोळा रस्त्यांची गोलाई

लातूरच्या बाजाराची कुळकथा सांगायची तर ती गोलाईपासून नव्हे, रुळांपासून सुरू करावी लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेने 1897 मध्ये बार्शी आणि कुर्डूवाडी जोडली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. हीच लाइन पुढे पुढे सरकत 1911 मध्ये लातूरला पोचली. तेव्हा लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते. बैलगाड्यांनी आलेले धान्य आणि कापूस आता छोट्या गाडीत चढू लागला. कुर्डूवाडीला तो उतरवून मोठ्या लाइनीच्या डब्यांत भरला की थेट मुंबईची वाट मोकळी होई. हमालांच्या पाठीला दुहेरी कष्ट पडत, पण व्यापाऱ्याला दूरची पेठ मिळाली.

रेल्वेनंतर सहा वर्षांनी, 1917 मध्ये, गंजगोलाई उभी राहिली. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधोमध दुमजली गोल इमारत, तिच्या पोटात जगदंबेचे देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफा, दुसऱ्यावर चपला-जोडे, कुठे मिरची, तर कुठे गूळ. देवी मध्यभागी बसली आणि भोवतीने दुकाने लागली.

पण गाव काही गोलाईबरोबर जन्मले नाही. राष्ट्रकूट राजे ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद मिरवत, आणि ते लत्तलूर म्हणजेच लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रामदैवत सिद्धेश्वर, महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते. सुरतशहावली दर्गाही गावातच आहे. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी आणि औशाचा किल्ला पाहायला मात्र गाडी काढावी लागते. तरीही राष्ट्रकूटांचे बिरुद आणि आजचा बाजार यांच्यात सरळ धागा जोडायचा मोह आवरलेला बरा. बाजाराचे खरे भाग्य उघडले ते मालगाडीने.

धान्याचा मोठा व्यवहार गोलाईतून कधीच बाजार समितीच्या आवारात गेला. तिथे आडत्या, मापाडी आणि हमाल अशी वेगळीच वसाहत नांदते. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे सौदे होतात, आणि ‘आज पोटलीचा (नमुन्याच्या मालाचा) भाव काय निघाला?’ हा प्रश्न औसा-निलंग्याच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतो. तुरीच्या जोरावर लातुरात डाळ मिलांची रांग लागली. गोलाईत उरला तो किरकोळ बाजार: लग्नाचा बस्ता, सोने, भांडी. गर्दी मात्र तसूभरही हटलेली नाही.

1982 मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. कुर्डूवाडी-लातूर मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाला आणि छोट्या गाडीच्या काळातली ती चढ-उतार एकदाची संपली.

या लाइनीला तिच्या जन्मदात्यांनी कल्पनाही केली नसेल असे एक काम मात्र अजून करायचे होते. बार्शी लाइट रेल्वेचे दुसरे टोक 1927 मध्ये मिरजेला पोचले होते. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा त्याच मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची रेल्वे निघाली आणि पंढरपूर, कुर्डूवाडी करत लातूरला आली. शंभर वर्षे बाहेर धान्य नेणाऱ्या वाटेवरून पहिल्याच खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या खेपा पावसाळा लागल्यावरही, ऑगस्टपर्यंत चालू राहिल्या.