‘परवानगी द्यावी का?’ : मोबाइलच्या पडद्यावरील एका प्रश्नाचा इतिहास

१/१२
मोबाइलवर नवे ॲप उघडताच एक चौकट उमटते : या ॲपला संपर्कयादी पाहू द्यावी का? कॅमेरा वापरू द्यावा का? बहुतेकांचे बोट क्षणात होकारावर पडते. या लहानशा चौकटीमागे सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो : यंत्राने अविश्वास नेमका कोणावर ठेवायचा? #थ्रेड #इतिहास

२/१२
१९६० च्या दशकात संगणक खोलीएवढा आणि अतिशय महाग होता. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत. एमआयटीमधील सीटीएसएस या प्रणालीत प्रत्येकाच्या फायली खासगी राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. म्हणजे त्या काळी अविश्वास होता तो त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसावर.

३/१२
बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्सने ही व्यवस्था नेटकी केली. प्रत्येक फायलीला एक मालक. वाचणे, लिहिणे आणि चालवणे हे तीन अधिकार. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले होते : माणसाने सुरू केलेला प्रोग्राम हा त्याचाच हस्तक. मालकाला जे वाचता येते, ते सर्व त्या प्रोग्रामलाही वाचता येई.

४/१२
१९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकीय सुरक्षेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘किमान अधिकारा’चे तत्त्व मांडले : प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, अधिक नकोत. घरोघरी संगणक आले तेव्हा हे तत्त्व बहुतांशी कागदावरच राहिले.

५/१२
२००४ मध्ये सिम्बियन फोनवर ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून पसरू लागला. विशेष म्हणजे आत शिरण्यापूर्वी तो फोनच्या मालकाची संमती मागत असे, आणि लोक ती देत असत. केवळ प्रश्न विचारल्याने संरक्षण होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

६/१२
२००८ च्या जुलैत ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले, तर ऑक्टोबरात पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. अँड्रॉइडच्या पायाशी युनिक्सच्या वळणाचे लिनक्स होते. युनिक्समध्ये माणसाला मिळणारा ‘वापरकर्ता क्रमांक’ येथे प्रत्येक ॲपला देण्यात आला. प्रत्येक ॲप जणू वेगळ्या खोलीतील अनोळखी भाडेकरू ठरले. अविश्वासाची दिशा पालटली : आता संशय माणसावर नव्हे, प्रोग्रामवर.

७/१२
परंतु परवानग्यांची यादी ॲप बसवतानाच समोर येई. सर्व मान्य करा, नाहीतर ॲप विसरा. २०१२ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की, ॲप बसवताना केवळ १७ टक्के सहभागींचे त्या यादीकडे लक्ष होते. ऑनलाइन पाहणीत परवानग्यांचा अर्थ विचारणाऱ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे फक्त ३ टक्के लोकांना अचूक देता आली.

८/१२
आयफोनही निर्दोष नव्हता. २०१२ च्या फेब्रुवारीत ‘पाथ’ हे ॲप वापरकर्त्यांची संपूर्ण संपर्कयादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचे उघड झाले. कंपनीने माफी मागितली. त्याच वर्षी आलेल्या आयओएस ६ मध्ये संपर्क, दिनदर्शिका आणि छायाचित्रे यांसाठी स्वतंत्र परवानगी आवश्यक झाली.

९/१२
२०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने टॉर्चचे एक ॲप बनवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. कोट्यवधी फोनवर असलेले ते ॲप वापरकर्त्याचे ठिकाण जाहिरातदारांच्या जाळ्यांपर्यंत पोहोचवत होते. उजेड पाडण्यासाठी ठिकाण कशाला हवे, हा साधा प्रश्न विचारण्याची सोय तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये नव्हती.

१०/१२
ती सोय २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने दिली : गरज पडेल तेव्हा विचारणा, आणि दिलेली परवानगी परत घेण्याची मुभा. पुढे २०१९ मध्ये ‘ॲप वापरत असतानाच’ ठिकाण देण्याचा, तर २०२० मध्ये ‘फक्त या वेळी’ हा पर्याय आला. २०२१ पासून कॅमेरा वा मायक्रोफोन चालू असल्याची खूण अँड्रॉइडच्या पडद्यावर दिसू लागली.

११/१२
भारतात या प्रश्नाचे गांभीर्य झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी दाखवून दिले. कर्ज देतानाच संपर्कयादी उचलायची आणि हप्ता थकला की नातेवाईक, सहकारी, शेजारी यांना फोन करून कर्जदाराची बेअब्रू करायची, ही वसुलीची पद्धत झाली. परवानगी एकाने दिली. त्या यादीतील इतरांना कोणी विचारलेच नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲप्सना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फायली यांपासून दूर राहण्यास बजावले. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर अशीच बंदी घातली.

१२/१२
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती ही आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित ठेवली. १९७५ चे ‘किमान अधिकारा’चे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या भाषेत उतरले. त्याचा अंमल मात्र अजूनही प्रत्येकाच्या बोटावर अवलंबून आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांची यादी असते. संपर्क कोणकोणत्या ॲपला दिसतात, हे तेथे एकदा पाहावे. त्या यादीत आपल्यासोबत इतर अनेकांची नावे असतात.