मूत्राशयाची चिरकारी वेदना : औषधचाचण्यांचे संशोधन

लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत खडा किंवा गाठ दिसत नाही; तरी लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ येते, लघवी झाल्यावर थोडा वेळ बरे वाटते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या अवस्थेला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम असे म्हणतात. अमेरिकेतील रँड संस्थेने दूरध्वनीवरील पाहणीतून २०११ साली मांडलेल्या अंदाजानुसार तेथील ३३ ते ७९ लाख प्रौढ स्त्रियांना अशी लक्षणे होती आणि त्यांपैकी जेमतेम दहांत एकीला या रोगाचे निदान सांगितले गेले होते. इतक्या पसरलेल्या दुखण्यावर गेल्या चार दशकांत बऱ्याच औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक निष्फळ ठरल्या. या अपयशाला औषधांच्या दुबळेपणापेक्षा रुग्णांची निवड अधिक कारणीभूत आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते. हिवताप आणि विषमज्वर यांचे रुग्ण ‘ताप’ या एका नावाखाली एकत्र करून सर्वांना क्विनीन दिले असते, तर क्विनीनही निरुपयोगी ठरले असते.

निवडीचा हा प्रश्न जुना आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ साली काही स्त्रियांच्या मूत्राशयातील एका विशिष्ट व्रणाचे वर्णन प्रसिद्ध केले. दुर्बिणीतून तो लालसर चट्ट्यासारखा दिसतो. मध्ये पांढुरका वण असतो, त्याच्याकडे बारीक रक्तवाहिन्या चहूकडून येतात आणि पिशवी ताणली की चट्टा चिरून रक्त झिरपते. मात्र वेदना असलेल्या बहुसंख्य रुग्णांत हा चट्टा आढळत नाही. संशोधनासाठी सर्वांनी एकसारखे रुग्ण घ्यावेत म्हणून अमेरिकेच्या मधुमेह, पचनसंस्था व मूत्रपिंड विकारांच्या राष्ट्रीय संस्थेने १९८७ मध्ये निकष ठरवले आणि पुढल्या वर्षी ते सुधारले. त्यांनुसार रुग्णाला भूल देऊन, ८० ते १०० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने पिशवी मिनिट-दोन मिनिटे ताणून ठेवायची, पाणी सोडायचे आणि आतल्या आवरणावर टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू उमटतात का ते पाहायचे. चारांपैकी तीन भागांत प्रत्येकी किमान दहा बिंदू दिसले किंवा हनरचा चट्टा सापडला, तरच रुग्ण चाचणीस पात्र. पुढे दोन गोष्टी उघड झाल्या. नसबंदीसाठी आलेल्या आणि मूत्राशयाची कसलीच तक्रार नसलेल्या २० स्त्रियांची अशीच तपासणी केली तेव्हा ९ जणींत ते रक्तबिंदू दिसले. हा अभ्यास १९९८ चा. दुसऱ्याच वर्षी असे दिसले की, अनुभवी तज्ज्ञ ज्यांना निश्चित किंवा बहुधा हाच रोग आहे असे मानत होते, त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण हे निकष काटेकोरपणे लावले असता बाहेर पडतात. निरोग्यांनाही लागू पडणारी खूण आणि निम्म्याहून अधिक आजाऱ्यांना वगळणारी चाळण यांवर चाचण्यांची पहिली पिढी उभी होती.

पेंटोसन पॉलिसल्फेट या गोळीची कथा या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. मूत्राशयाच्या आतील संरक्षक थर झिजतो, त्यातून लघवीतील क्षार आत झिरपतात आणि नसा चाळवतात, अशी कल्पना होती. ही गोळी तो थर भरून काढील अशी अपेक्षा होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला १९९६ साली मान्यता दिली. मान्यतेस आधारभूत ठरलेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर गोळी घेणाऱ्या ७६ पैकी २९ जणांची आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४ पैकी १३ जणांची वेदना निम्म्याहून अधिक उतरली होती, म्हणजे ३८ विरुद्ध १८ टक्के. २००३ मध्ये १२१ रुग्णांच्या सरकारी चाचणीत ३४ विरुद्ध १८ टक्के असा कल दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीस तो उतरला नाही. मग २०१५ मध्ये ३६८ रुग्णांची, २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. प्लासिबोने ४०.७ टक्के, कमी मात्रेने ३९.८ टक्के आणि मान्यताप्राप्त मात्रेने ४२.६ टक्के रुग्णांना आराम पडला. फरक दिसणार नाही हे स्पष्ट झाल्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली. या तीन चाचण्यांत गोळीने बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण फारसे हलले नाही. हलले ते प्लासिबोचे. मोजपट्टी बदलली (वेदनेतील घटीऐवजी लक्षण-निर्देशांकातील ३० टक्के घट), कालावधी वाढला आणि रुग्णांचा समूहही पूर्वीचा राहिला नाही. म्हणून पहिल्या चाचणीवरून औषध सर्वांना लागू पडते असे म्हणणे जितके घाईचे होते, तितकेच शेवटच्या चाचणीवरून ते कोणालाच लागू पडत नाही असे ठरवणेही घाईचे आहे.

यावर एक सबळ आक्षेप येतो. रुग्णांचे गट पाडणे ही हरलेल्या औषधाला वाचवण्याची पळवाट आहे. आकडे हवे तसे कापले की कुठेतरी फायदा दिसतोच. हा धोका खरा आहे. २०१० च्या अमिट्रिप्टिलिन चाचणीत २७१ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत ५५ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ४५ टक्के सुधारले, आणि हा फरक निर्णायक नव्हता. ज्यांनी किमान ५० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा नेली त्यांच्यापुरते पाहता ६६ विरुद्ध ४७ टक्के असे चित्र दिसले. पण जास्त मात्रा सोसू शकणारे रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात, त्यामुळे या दुसऱ्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. मात्र हनरचा चट्टा या जातीचा गट नव्हे. तो औषध देण्याआधी डोळ्यांनी दिसतो, बायॉप्सीत तिथे दाह आढळतो आणि तो जाळला किंवा त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर अनेकांना आराम पडतो. फिनलंडमध्ये २००५ साली ६४ रुग्णांवर सायक्लोस्पोरिन आणि पेंटोसन यांची तुलना झाली, तेव्हा ७५ विरुद्ध १९ टक्के इतकी तफावत निघाली. पुढे ४४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता सायक्लोस्पोरिनचा गुण चट्टा असलेल्यांत ८५ टक्के आणि नसलेल्यांत ३० टक्के आढळला. हा दुसरा अभ्यास केवळ जुन्या कागदपत्रांचा आहे, आणि सायक्लोस्पोरिन रक्तदाब व मूत्रपिंडावर परिणाम करते हेही विसरता येत नाही. तरी दाह असलेल्या जागी दाहशामक औषध चालावे यात तर्कसंगती आहे. आधी गृहीतक लिहून ठेवून, चट्टा असलेले व नसलेले वेगळे ठेवूनच चिठ्ठ्या टाकल्या, तर पळवाटीचा आरोप उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. चट्टा नसलेले, म्हणजे बहुसंख्य रुग्ण, अशा वर्गीकरणाने पुन्हा उपेक्षित राहतील. ‘दुर्बिणीत काही दिसत नाही, मनाचे खेळ असतील’ हे वाक्य त्यांनी आधीच पुष्कळ ऐकलेले असते. पण त्यांना न्याय मिळाला तो त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न विचारला तेव्हाच. ओटीपोटाचे व कटितळाचे स्नायू दाबल्यावर दुखतात, अशा ८१ स्त्रियांची निवड २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झाली. एका गटाला त्याच दुखऱ्या गाठींवर बोटांनी काम करणारी फिजिओथेरपी आणि दुसऱ्या गटाला सर्वांगाचे मालिश, प्रत्येकी तासाभराची दहापर्यंत सत्रे देण्यात आली. सुधारणा ५९ विरुद्ध २६ टक्के. उपचार करणाऱ्यापासून उपचार लपवता येत नाही ही उणीव आहेच. पण मालिशही सुखावह आणि तितक्याच वेळाचे असल्याने तुलना बरीच चोख आहे. अमेरिकेतील मॅप संशोधनजालाने २००८ पासून केलेल्या निरीक्षणांतही कटिभागापुरती वेदना असणारे आणि अंगभर वेदना असणारे रुग्ण वेगळे दिसतात. पिशवीत औषध सोडून ज्याच्या खांद्याचे आणि जबड्याचे दुखणे थांबणार नाही, त्याला पिशवीच्या औषधाच्या चाचणीत बसवणे त्याच्यावरही अन्याय आहे.

तळमळणाऱ्या माणसाला प्लासिबो देणे निष्ठुर आहे, असेही म्हटले जाते. मात्र २०१५ च्या चाचणीत प्लासिबो गटात दहांतल्या चौघांना आराम पडला होता. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, पेंटोसन दीर्घकाळ घेणाऱ्या सहा रुग्णांच्या दृष्टिपटलात रंगद्रव्याची विकृती नोंदवली गेली. २०२० मध्ये अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा समाविष्ट झाला. गुण न येणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे गोळी घेत डोळे पणाला लावणे यापेक्षा काही महिन्यांची नियंत्रित तुलना कमी निष्ठुर आहे, अट एवढीच की प्लासिबो गटालाही आहार, पाणी पिण्याच्या वेळा आणि लघवी रोखण्याचा सराव यांचे मार्गदर्शन मिळावे, जसे अमिट्रिप्टिलिनच्या चाचणीत सर्वांना मिळाले होते.

भारतात चाचणी आखताना निवडीची पहिली पायरी वेगळी असावी लागते. मूत्राशयाच्या क्षयातही कल्चर निर्जंतुक येते, पिशवी आकसते आणि वारंवार लघवीला जावे लागते. म्हणून लघवीत क्षयाचे जंतू नाहीत याची खातरजमा झाल्यावाचून कोणालाही या रोगाच्या चाचणीत घेणे धोक्याचे आहे. १५ जून २००९ पासून देशातील औषधचाचण्यांची भारतीय नोंदणीपटावर आगाऊ नोंद सक्तीची आहे. त्या नोंदीत क्षयाची तपासणी, दुर्बिणीत चट्टा सापडला की नाही, कटितळाचे स्नायू दुखरे आहेत का आणि वेदना शरीरात आणखी कुठे आहे, या चारही बाबी पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच लिहिलेल्या असाव्यात.