मराठीतील गृहविषयक शब्दांचे प्रादेशिक भेद

घर, घराचे भाग आणि घरातील नित्य वापराच्या वस्तू यांना मराठी भाषक प्रदेशात ठिकठिकाणी वेगवेगळी नावे आहेत. प्रमाण मराठीत ज्याला ‘पातेले’ म्हणतात, त्याला मुंबई व कोकणात ‘टोप’, मराठवाडा व खानदेशात ‘भगोणे’, तर विदर्भात ‘गंज’ म्हणतात. असे भेद उच्चारापुरते नसून शब्द, अर्थ आणि वस्तूचे स्वरूप या तिन्ही पातळ्यांवर आढळतात. त्यांमागे मुख्यतः तीन कारणे आहेत: हवामान व बांधकामाचे साहित्य, शेजारच्या भाषांचा सहवास आणि त्या त्या प्रदेशाचा राजकीय इतिहास. हे शब्द बोलीभाषांच्या अभ्यासाइतकेच जुने दस्तऐवज समजून घेण्यासाठी आणि शालेय अध्यापनासाठीही महत्त्वाचे आहेत.

घराची बांधणी व तिची नावे

घराच्या भागांची नावे बांधणीबरोबर बदलतात. कोकणात पाऊस भरपूर असल्यामुळे घराला उतरते कौलारू किंवा गवताने शाकारलेले छप्पर असते. मराठवाडा आणि सोलापूर परिसरात पाऊस कमी असल्याने लाकडी तुळयांवर मातीचा थर देऊन सपाट छत करण्याची पद्धत होती. त्या छताला ‘माळवद’ म्हणतात. खानदेश व विदर्भात अशाच मातीच्या सपाट छताला ‘धाबे’ आणि त्या घराला ‘धाब्याचे घर’ असे नाव आहे. कोकणात अशी छते घातली जात नसल्याने तेथील बोलींत या शब्दांना स्थान मिळाले नाही.

घराच्या दर्शनी भागाच्या नावांत सर्वाधिक वैविध्य आहे. कोकणात ‘ओटी’ व ‘पडवी’, कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ‘सोपा’, विदर्भात व देशावर ‘ओसरी’, मराठवाड्यात ‘ढेलज’ असे शब्द आढळतात. हे शब्द काटेकोर समानार्थी नाहीत. ओटी हा जोत्यावरील बैठकीचा भाग असतो, तर पडवी ही मुख्य छपराला जोडून खाली उतरवलेल्या छपराखालची जागा असते. ढेलज ही प्रवेशद्वाराच्या आतील आच्छादित जागा होय. हा शब्द फारसी ‘दहलीज’ या शब्दापासून आला आहे. ‘सोपा’ हा शब्द आज दक्षिण महाराष्ट्राचा मानला जात असला, तरी प्रमाण मराठीतील ‘चौसोपी वाडा’ या शब्दप्रयोगात तो सर्वत्र टिकून आहे. मधल्या चौकाच्या चारही बाजूंना सोपे असलेला वाडा, असा त्याचा अर्थ आहे.

घरामागील जागेला कोकणात ‘परसू’ किंवा ‘मागीलदार’, दक्षिण महाराष्ट्रात ‘परडे’, तर प्रमाण मराठीत ‘परस’ किंवा ‘परसदार’ म्हणतात. कोकणात आवाराभोवती रचलेल्या दगडी बांधाला ‘गडगा’ हा खास शब्द आहे. मुख्य घरापासून दूर, शेतात किंवा बागेत गुरांसाठी व अवजारांसाठी बांधलेल्या साध्या इमारतीला सिंधुदुर्गात ‘मांगर’ म्हणतात.

भांडी व गृहोपयोगी वस्तू

स्वयंपाकघरातील वस्तूंची काही ठळक उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

• अन्न शिजवण्याचे भांडे: पातेले (पश्चिम महाराष्ट्र व प्रमाण मराठी), टोप (मुंबई, कोकण), भगोणे (मराठवाडा, खानदेश), गंज (विदर्भ).
• बसून भाजी चिरण्याचे साधन: विळी (प्रमाण मराठी), आदोळी (दक्षिण कोकण, गोवा), मोरळी (ठाणे-रायगडकडील आगरी व कोळी समाज), पावशी (विदर्भ).
• पोळी किंवा थालीपीठ उलटण्याचे साधन: उलथणे (प्रमाण मराठी), कालथा (कोकण, मुंबई), सराटा (विदर्भ).
• घर झाडण्याचे साधन: केरसुणी (प्रमाण मराठी), वाडवण (मालवणी), सारण (गोवा), फडा (विदर्भ, मराठवाडा).
• पाणी भरण्याचे भांडे: घागर (देश), कळशी (कोकण), गुंड (विदर्भ).
• टांगता झोका: झोपाळा (प्रमाण मराठी), बंगई (विदर्भ).

अंथरूण-पांघरुणातही असाच भेद दिसतो. जुन्या कपड्यांचे थर शिवून केलेल्या पांघरुणाला पुणे-नाशिककडे ‘गोधडी’, तर कोल्हापूर-सातारा भागात व कोकणात ‘वाकळ’ म्हणतात. विणलेल्या खाटेला मराठवाडा, खानदेश व विदर्भात ‘बाज’ म्हणतात.

काही नावे वस्तूच्या द्रव्यावरून पडली आहेत. तांब्याचा म्हणून ‘तांब्या’ आणि पितळेची म्हणून ‘पितळी’. पितळी म्हणजे उभ्या काठाची खोलगट थाळी होय. पुढे द्रव्य बदलले तरी नाव टिकले, म्हणून आज ‘स्टीलचा तांब्या’ हा शब्दप्रयोग कोणालाही विसंगत वाटत नाही. ग्रामीण भागात ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात. अशी भांडी ‘जर्मनची भांडी’ म्हणून ओळखली जातात.

एकच शब्द, भिन्न अर्थ

वस्तू एक व शब्द अनेक, हा भेदाचा एक प्रकार झाला. शब्द एकच पण अर्थ वेगळा, हा दुसरा प्रकार असून त्यातून गैरसमज अधिक होतात. ‘खळे’ म्हणजे देशावर धान्याची मळणी करण्याची जागा, तर दक्षिण कोकणात घरापुढील अंगण. भाताची झोडणी याच अंगणात होत असल्याने दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. ‘ओटा’ म्हणजे खानदेशात घरापुढील बसण्याचा चौथरा, तर शहरी घरात स्वयंपाकाचा कट्टा. ‘कूड’ म्हणजे मराठीत काटक्या व कामट्या विणून मातीने लिंपलेली भिंत, तर गोव्याच्या कोकणीत खोली. पुण्याकडे ‘पाण्याचे भांडे’ म्हटल्यावर पिण्याचा लहान पेला समोर येतो, तर इतरत्र ‘भांडे’ हा शब्द सर्व पात्रांसाठी वापरतात. प्रमाण मराठीत ‘गंज’ लोखंडाला चढतो आणि ‘टोप’ डोक्यावर असतो. विदर्भात व मुंबईत हे दोन्ही शब्द चुलीवरच्या भांड्यांचीही नावे आहेत.

भेदांची ऐतिहासिक कारणे

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व निजामाच्या राजवटीत तेथे उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. विदर्भ त्याच वर्षापर्यंत मध्य प्रांतात आणि नंतर मध्य प्रदेशात होता, त्यामुळे हिंदीशी त्याचा संबंध निकटचा राहिला. विदर्भातील ‘अलमारी’, ‘चाबी’, ‘बालटी’ या शब्दांत हा सहवास दिसतो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथे व लगतच्या दक्षिण कोकणात खिडकीला ‘जनेल’ हा पोर्तुगीज मुळाचा शब्द रूढ आहे. गोव्यातील घरापुढील बैठकीचा ‘बलकांव’ हाही तसाच शब्द आहे.

परभाषेतून आलेला प्रत्येक शब्द मात्र प्रादेशिक राहिलेला नाही. ‘चावी’, ‘बादली’ आणि ‘घमेले’ हे पोर्तुगीज मुळाचे, ‘जिना’ व ‘तावदान’ हे फारसी, ‘कुलूप’ हा अरबी मुळाचा, तर ‘अडकित्ता’ हा कन्नडशी नाते सांगणारा शब्द आहे. हे सर्व आज प्रमाण मराठीचे घटक आहेत. ‘किल्ली’ आणि ‘चावी’ यांपैकी एक शुद्ध व दुसरा अशुद्ध, असा भेद भाषाविज्ञानाच्या दृष्टीने करता येत नाही. एका शब्दाला प्रमाणत्व मिळते ते मुद्रण, शिक्षण व प्रशासन यांची केंद्रे जेथे होती तेथील बोलीमुळे. त्यात शब्दाच्या अंगभूत गुणाचा संबंध नसतो.

शब्दांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. विवाहसंबंध, स्थलांतर, बाजारपेठा आणि समाजगट यांमुळे एकाच गावात दोन-तीन शब्द शेजारी नांदतात. म्हणून वर दिलेले प्रदेश ढोबळ मानावे लागतात.

नोंदी व अभ्यास

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) घरगुती वस्तूंचे असंख्य शब्द नोंदलेले आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे प्रकाशन १९३२ पासून सुरू झाले. त्यात कोकण, गोवा, वऱ्हाड, नागपूर, खानदेश इत्यादी प्रदेश दर्शवणारी संक्षिप्त चिन्हे शब्दांपुढे दिलेली असल्याने या विषयाच्या अभ्यासकाला तो आजही उपयोगी पडतो. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका हाती घेतली होती. तिच्यातील कुडाळी बोलीवरील ग्रंथ १९६५ चा आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले आहे. ललित साहित्यात उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही वऱ्हाडी आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही मराठवाडी बोलीतील कादंबरी उल्लेखनीय आहे.

सद्यःस्थिती व महत्त्व

सदनिका, गॅस आणि यंत्रनिर्मित भांडी यांच्या प्रसारानंतर या शब्दसंपत्तीत मोठा बदल झाला. ओटी, सोपा, ढेलज यांच्या जागी ‘हॉल’, माजघराच्या जागी ‘बेडरूम’ आणि स्वयंपाकघराच्या जागी ‘किचन’ आले. कुकर, मिक्सर, फ्रिज या वस्तूंना कोकणात एक व विदर्भात दुसरे असे नाव नाही, कारण त्या बाजारातून नावासकट घरात आल्या. भांड्यांची नावे तुलनेने अधिक टिकली आहेत, कारण टोप काय किंवा गंज काय, ती वस्तू रोज हाताळली जाते. घराच्या भागांची नावे मात्र तशी घरे पडली की वापरातून जातात. वस्तू गेल्यावरही काही शब्द म्हणींच्या आश्रयाने राहतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण, आडातून पोहऱ्याने पाणी न शेंदलेली पिढीही वापरते.

या शब्दांचे व्यावहारिक महत्त्वही आहे. जुन्या वाटणीपत्रांत व खरेदीखतांत घराचे वर्णन ‘खण’, ‘सोपा’, ‘पडवी’, ‘परडे’ अशा स्थानिक शब्दांत केलेले असते. ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधील किंवा तुळयांमधील अंतर, आणि घराचा आकार त्यावरून मोजला जाई. कोणता भाग कोणाच्या वाट्याला आला हे ठरवताना या शब्दांचा त्या गावातील अर्थ माहीत असणे आवश्यक ठरते. शाळेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. पाठ्यपुस्तकात ‘पातेले’ वाचणारे विदर्भातील मूल घरी ‘गंज’ म्हणत असेल, तर ते चुकीचे मराठी बोलत नसते. त्याच्या बोलीतील तो अचूक शब्द असतो. प्रमाण शब्द शिकवताना घरचा शब्द वर्गात नोंदवून घेतला, तर विद्यार्थ्याला दोन्ही शब्द मिळतात आणि तो घरचा शब्द पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.