अमोस अलोंझो स्टॅग : खेळाडू, प्रशिक्षक, प्राध्यापक

हंगेरीतील कोच नावाच्या गावी उत्तम घोडागाड्या तयार होत असत. गावाचे नाव गाडीस मिळाले आणि ते युरोपातील अनेक भाषांत शिरले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकास 'कोच' म्हणावयास आरंभ केला; नंतर तीसएक वर्षांत हाच शब्द खेळ शिकविणाऱ्यास लागू झाला. आपल्याकडील 'कोचवान' आणि 'कोचिंग क्लास' हे दोन्ही शब्द ह्याच प्रवासाचे साक्षी होत. तथापि ह्या साऱ्या अर्थांतरात एक गोष्ट कायम राहिली. गाडीवानाची बैठक गाडीच्या बाहेर, तशी ह्या शिक्षकाची जागा विद्यापीठाच्या बाहेर. ती आत आणण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्या प्रयोगाचा नायक म्हणजे अमोस अलोंझो स्टॅग.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे झाला. येल विद्यापीठात ते धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी राहिले. पण कीर्ती मिळाली ती खेळात. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे. १८८९ साली त्या खेळातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूंची पहिली अखिल-अमेरिकन नामावली निघाली. तीत स्टॅग यांचे नाव होते. व्यावसायिक बेसबॉलची बोलावणी त्यांनी नाकारली. धर्मोपदेशकास लागणारे वक्तृत्व आपल्या अंगी नाही असे जाणवल्यावर स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जाऊन त्यांनी खेळ शिकविण्याचाच मार्ग धरला.

येल येथे स्टॅग यांना विल्यम रेनी हार्पर हे अध्यापक लाभले होते. भाषाभ्यासकांना हार्पर यांचे नाव अपरिचित नसावे. वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८७५ साली, लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक ह्या भाषांतील संबंधदर्शक अव्ययांच्या तौलनिक अभ्यासावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. पुढे ते हिब्रूचे प्रख्यात पंडित झाले. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष म्हणून नेमले गेल्यावर ह्या व्याकरणपंडिताने आपल्या जुन्या विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षण खात्याचा प्रमुख केले आणि अध्यापकवर्गात स्थायी पद दिले. १८९२ साली विद्यापीठ सुरू झाले. त्या पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडत, म्हणून प्रशिक्षक स्वतःच संघात उतरत असत.

ह्यानंतरची चाळीस वर्षे स्टॅग यांची होती. सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये स्थापिलेल्या, पुढे 'बिग टेन' म्हणून प्रसिद्धी पावलेल्या संघटनेत शिकागोने सात वेळा अजिंक्यपद मिळविले. १९०५ साली मिशिगनचा ५६ सामने अपराजित राहिलेला संघ शिकागोने २–० असा नमविला, तेव्हा पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. परंतु यशाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. खेळाचे उत्पन्न वाढले, त्यावरील ताबा बराच काळ स्टॅग यांच्याच हाती राहिला, आणि त्यांचे खाते अन्य विद्याशाखांच्या शिस्तीपासून अलग पडत गेले. त्या विजयी संघाचा गाजलेला खेळाडू वॉल्टर एकर्सॉल पदवी न मिळविताच विद्यापीठाबाहेर पडला. मद्य-तंबाखूपासून दूर राहणारे, चारित्र्यावर भर देणारे स्टॅग स्वतः प्रामाणिक होते ह्यात संशय नाही. पण एका व्यक्तीचा प्रामाणिकपणा संस्थेच्या नियंत्रणाची उणीव भरून काढू शकत नाही.

१९२९ साली रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. स्टॅग सत्तरीस पोहोचताच निवृत्तीचा नियम त्यांना लागू करण्यात आला, आणि १९३२ चा हंगाम त्यांचा शिकागोतील अखेरचा ठरला. ज्या अध्यापकपदाने प्रशिक्षकास प्रतिष्ठा दिली, त्याच पदाच्या नियमाने त्यास बाहेरची वाट दाखविली! ते विद्यापीठाबाहेरचे असते, तर त्यांचा निकाल केवळ जय-पराजयावर लागला असता.

स्टॅग मात्र थांबले नाहीत. १९३३ पासून चौदा हंगाम त्यांनी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक महाविद्यालयाचा संघ घडविला. १९४३ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांची वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड झाली. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात त्यांनी आपल्या मुलासमवेत काम केले. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते निवर्तले.

शिकागोने डिसेंबर १९३९ मध्ये हा खेळच बंद केला. स्टॅग यांचे नाव धारण करणाऱ्या क्रीडांगणाच्या ओस पडलेल्या प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली स्वयंपोषित अणुशृंखला-प्रक्रिया घडविण्यात आली. १९६९ मध्ये खेळ परत आला, पण लहान प्रमाणावर. ह्यावरून हार्पर यांची कल्पनाच चुकीची होती, असे म्हणता येणार नाही. खेळाचा शिक्षक हाही शिक्षकच, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. मात्र प्रशिक्षकास पद देऊन काम पुरे होत नाही. खेळाडूच्या अभ्यासावर आणि खेळाच्या पैशावर इतर विषयांप्रमाणेच विद्यापीठाची नजर असावी लागते. तसे न झाल्यास गाडीवान आत येऊन बसतो खरा, पण लगाम कोणाच्या हाती आहेत हे कोणासच ठाऊक नसते.