स्वीडन देशाची खर्चमर्यादा

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक असतें. परंतु राष्ट्राचें अंथरूण किती लांब आहे हें तीन वर्षें आधीं ठरवून त्याप्रमाणें वागणें किती अवघड, हें पाहावयाचें असल्यास स्वीडनच्या अलीकडील इतिहासाकडे वळावें.

वृद्धांचा भार सरकारनें उचलावा ही कल्पना तेथें जुनी आहे. सर्व जनतेस लागू होणारा पेन्शनचा कायदा १९१३ सालींच झाला. १९३४ सालीं गुन्नार व आल्वा मिर्डाल या दांपत्यानें घटत्या जन्मसंख्येवर पुस्तक लिहून देशभर खळबळ उडविली. (याच आल्वाबाई पुढें आपल्या देशांत स्वीडनच्या राजदूत होत्या.) १९५९ सालीं मिळकतीच्या प्रमाणांत जादा पेन्शन देण्याची योजना ११५ विरुद्ध ११४ मतांनीं संमत झाली, तीहि विरोधी बाजूचा एक सभासद तटस्थ राहिला म्हणून! तरुणांच्या वर्गणींतून वृद्धांस द्यावयाचें, हें तिचें सूत्र. कमावते हात वाढत होते तोंवर कोणासच चिंता नव्हती.

पुढें १९९२ च्या सप्टेंबरांत चलनाचा भाव सांवरण्यासाठीं मध्यवर्ती बँकेस व्याजाचा दर ५०० टक्क्यांवर न्यावा लागला. १९९३ सालीं सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक झाली. त्या सुमारास युरोपांतील अंदाजपत्रकांच्या पद्धती ताडून पाहतां, स्वीडनहून ढिली पद्धत एकट्या इटलीची आढळली. कायदेमंडळ प्रत्येक बाब स्वतंत्रपणें मंजूर करी व बेरीज शेवटीं होई. लग्नघरांतील प्रत्येक वडीलधाऱ्यानें आपापली यादी वाण्याकडे धाडावी आणि हिशेब वरात परतल्यावर व्हावा, तसलाच हा प्रकार.

१९९७ पासून हा क्रम उलटला. एकंदर खर्चाची मर्यादा तीन वर्षें आधीं क्रोनच्या आंकड्यांत ठरूं लागली. मग ती रक्कम सत्तावीस खात्यांत वांटावयाची, आणि एका खात्यांतील एखादी बाब वाढविणारानें त्याच खात्यांतील दुसरी कमी करावयाची. कर्जावरील व्याज मर्यादेबाहेर राहिलें. वृद्धांचें पेन्शन मात्र अंदाजपत्रकाबाहेर असूनहि मर्यादेच्या आंत घेतलें. आमच्या मतें सर्व शहाणपण येथेंच आहे.

पेन्शनचा प्रश्न पांच पक्षांनीं १९९४ सालीं एकत्र बसून सोडविला व १९९८ सालीं कायदा झाला. ज्या पिढीचें आयुर्मान वाढेल तिचें मासिक पेन्शन त्या मानानें कमी, हा नियम ठरला. शिवाय देणें पुंजीहून वाढल्यास वार्षिक वाढ आपोआप रोखली जावी, अशी तरतूद २००१ सालीं झाली. जगांतील मंदीनंतर ती प्रथमच लागू पडून २०१० व २०११ या दोन्ही वर्षीं पेन्शनें घटलीं.

तत्पूर्वींच, २००९ सालीं, कायदेमंडळानें हिशेबाची रीत बदलून हा आघात तीन वर्षांवर विभागला होता. कित्येकांस यांत कुंपणच शेत खातांना दिसलें. आम्हांस तसें वाटत नाहीं; घाव सोसण्याजोगा केला, पण चुकविला नाहीं. खरी फट निराळीच होती. मर्यादा खर्चाला, करसवलतीला नव्हे. म्हणून मदत करसवलतीच्या रूपानें दिली कीं ती जमेच्या बाजूस जाते आणि मर्यादेस धक्का लागत नाहीं. पेन्शनें घटलीं त्याच सुमारास सरकारनें वृद्धांचा प्राप्तिकर कमी केला, तो याच वाटेनें.