चित्रकथा लिहिणाऱ्या बायका

चित्रकथा म्हटलं की आपल्याला अनंत पै आठवतात. १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेची पुस्तकं पोरं बाकाखाली धरून वाचायची आणि आम्ही शिक्षक ती जप्त करायचो. (मधल्या सुट्टीत तीच आम्ही वाचायचो, हे आता सांगायला हरकत नाही!) त्या मालिकेच्या पुष्कळ संहिता कमला चंद्रकांत यांनी लिहिल्या होत्या. हे नाव मात्र कितीजणांना ठाऊक आहे?

पुढे २००८ साली अमृता पाटील यांची 'कारी' आली. जन्म पुण्याचा, बालपण गोव्यातलं. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. नंतर महाभारतावर 'आदि पर्व' आणि 'सौप्तिक'. पुस्तकं इंग्रजीत आहेत, एवढीच खंत. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. जॅकी ऑर्म्स ही कृष्णवर्णीय बाई १९३७ पासून कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात चित्रमालिका करत होती, पण मार्व्हलसारख्या बड्या कंपनीत रोक्सान गे आणि योना हार्वी यांच्या हाती लेखणी यायला २०१६ साल उजाडलं.

असो. मला खरं सांगायचंय ते आपल्या शेजारणीबद्दल. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर ओलांडलं की मंडला. त्या जिल्ह्यातल्या दुर्गाबाई व्याम, प्रधान गोंड समाजाच्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्नकार्याला, सुगीला घराच्या भिंतीवर काढतात तो 'दिग्ना' आईकडून शिकल्या. २०११ साली 'भीमायन' निघालं, बाबासाहेबांच्या अनुभवांवरचं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष यांची.

आता कुणी म्हणेल, मग बाई लेखिका कशा? ऐका. चित्रकथेत पानावर चौकटी असतात. या दोघांनी चौकटी नाकारल्या, माणसं कोंडायची नाहीत म्हणाले. मग दिग्न्याच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलं. ज्याला सोसावं लागतं त्याचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, आणि जातीचा डंख मारणारं बोलणं विंचवाच्या नांगीसह! वाचता न येणाऱ्यालाही कोण काय बोलतोय ते कळतं. महाडच्या सभेत तर बाबासाहेबांच्या भाषणातून लोकांवर पाणीच बरसतं. याला मी लिहिणंच म्हणते. आयुष्यभर मुलांना परिच्छेद पाडायला शिकवलं, पण पान असंही मांडता येतं हे मला या बाईंमुळे कळलं.

त्या पुस्तकात २००६ च्या खैरलांजीचा उल्लेख आहे. खैरलांजी भंडारा जिल्ह्यातलं, आणि १९९९ पर्यंत आपणही भंडाऱ्यातलेच. त्यामुळे ती पानं मला दूरची वाटली नाहीत. इथे त्या घटनेवर लोक दबक्या आवाजात बोलायचे, ती एका आदिवासी बाईच्या पुस्तकातून परदेशी पोचली.

दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या यात्रेला दूरदूरचे गोंड बांधव येतात. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत 'भीमायन' दिसलं तर चाळून बघा, आणि आधी चित्रं वाचा, शब्द नंतर.