चौक लिहिणाऱ्या बायका

 मालाडच्या आमच्या बचत गटाला वारली चित्रांच्या पिशव्यांची ऑर्डर आली आणि आम्ही ठसे आणायला बाजारात निघालो. शेजारीच आरेच्या पाड्यांवर वारली राहतात, हे आठवलंच नाही! १९४९ साली आरेत दूध वसाहत आली, पण पाडे त्याच्या आधीपासूनचे.

मुळात ही चित्रं बायकांची. वारली लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात त्या सवाशिणी. मधोमध पालघट देवी. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले, चित्रं भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तो मान रास्तच. पण भिंतीवर कधी सही नव्हती. कागदावर आली, ती बहुतेक पुरुषांची.

आम्ही ठसे आणले नाहीत. पाड्यावरच्या दोघीजणी पिशव्या रंगवतात, वहीत त्यांची मजुरी लिहितो, पिशवीवर नाव त्यांचंच. शेतं, नाच, झाडं सगळं काढतात. चौक मात्र नाही काढत. म्हणाल्या, "देवी काय खांद्याला लटकवायची?"